बिनटोचलेलं वांगं

या अंकाच्या संपादकांनी मला लेख मागितला तेव्हा पहिली शंका आली ती हीच, की यांना माझ्याकडून नेमकं काय काढून घ्यायचंय. नोकरीतल्या आठवणी लिहा म्हणाले. दिवाळीत लोकांना असलं काही वाचायला आवडतं म्हणाले. चहा झाला, पान झालं, आणि उठून जोडे घालता घालता म्हणाले, "आणि ते वांग्याचं काय खरं होतं, तेही एकदा लिहून टाका." माणूस ज्या कामासाठी आलेला असतो ते काम तो जोडे घालताना बोलतो, हे मला नोकरीनं शिकवलंय. म्हणजे लेख हवा होता तो वांग्याचा. बाकी सगळं पानसुपारी.

तर लिहितो. पण त्याआधी माझा धंदा काय होता ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला पोलीस समजाल. मी पोलीस नव्हतो. कचेरीत देशी वर्तमानपत्रांचा भाषांतरकार होतो. जळगाव, धुळं, अमळनेर, भुसावळ, जिथं म्हणून एखादा छापखाना खडखडत असेल तिथली झाडून सगळी साप्ताहिकं माझ्या टेबलावर येऊन पडायची. तांबडी पेन्सिल घेऊन ती वाचायची. कुठं सरकारविरुद्ध वास आला तर तेवढा मजकूर इंग्रजीत करून वर पाठवायचा. वर साहेब असायचा. त्याच्या मनात आलं तर छापखान्याकडून जामीन मागितला जायचा, फारच मनात आलं तर छापखान्याला टाळं लागायचं आणि लिहिणारा आत जायचा. लोकांना हे माहीत होतं. मी दुकानात शिरलो की गप्पा आपोआप कापसाच्या भावावर यायच्या.

संशय घेणं हे माझं पोट होतं हो. बारशाची बातमी आली तरी मी मुलाचं नाव दोनदा वाचायचो. पाऊस लांबला असं कुणी लिहिलं तर हा पाऊस म्हणजे कोण, असा विचार आधी मनात यायचा. अशी सवय लागली की ती कचेरीत ठेवून घरी येता येत नाही. आमच्या घरी ताटावर बसलो आणि "भाजी कशी झालीये" असं बायकोनं विचारलं, तर ही आज का विचारतेय, याचा मी घासभर विचार करायचो. तिनं विचारणंच सोडून दिलं शेवटी.

मजकुराचं भाषांतर सोपं असतं. शिवी असली तर शिवी लिहायची, टोमणा असला तर टोमणा. खरी पंचाईत चित्रांची. आमच्याकडच्या साप्ताहिकांत शेवटच्या पानावर, वैदूंच्या आणि बियाण्यांच्या जाहिरातींच्या शेजारी, एखादं हास्यचित्र असायचं. एकच चौकट आणि खाली एक ओळ. ते चित्र वर पाठवायचं तर त्यासोबत एक छापील कागद भरावा लागे, आणि त्या कागदावर एक रकाना होता, 'अर्थ'. सरकारला काहीही चालायचं, रकाना रिकामा ठेवलेला चालायचा नाही. आणि मला जी चित्रं आवडायची त्यांना अर्थ नसायचा. तीच तर त्यांची मजा होती.

धुळ्याला एक जण होते, त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. शिळाछापाचा छापखाना, म्हणजे चित्र दगडावर काढायचं आणि दगडावरून कागदावर छापायचं. दगडावर उलटं काढलं तर कागदावर सुलटं येतं. हे गृहस्थ ते दर वेळी विसरायचे. त्यामुळे त्यांच्या चित्रातली सगळी माणसं डाव्या हातानं जेवायची आणि बायकांचे पदर भलत्याच खांद्यावर असायचे. त्यांचं एक चित्र मला अजून दिसतं. बाई विहिरीवर उभी आहे, विहिरीतून एक लांबलचक हात वर आलाय आणि तिला भरलेली कळशी देतोय. खाली ओळ, "पुढच्या वेळी घासून आणा." मी टेबलाखाली डोकं घालून हसलो होतो. गावात मात्र गहजब झाला, कारण विहिरीनं पाणी डाव्या हातानं दिलं होतं. हा धर्मावर घाला आहे, अशा तक्रारी आल्या. मला तर वाटायला लागलं, हा माणूस विसरत नसावा, मुद्दामच करत असावा. ती शंका आजही फिटलेली नाही.

दुसरे अमळनेरचे एक कंपाउंडर. औषधाच्या बाटल्यांना कागदी पट्ट्या चिकटवता चिकटवता चित्रं काढायचे. त्यांनी एकदा न्हाव्याचं दुकान काढलं. खुर्चीत कडब्याची गंजी बसलीये, गळ्याशी पंचा गुंडाळलेला, आणि न्हावी कंगवा हातात धरून अदबीनं विचारतोय, "भांग मधून पाडू का डावीकडून?" हे चित्र मी वर पाठवलंच नसतं, पण कुणीतरी ते आधीच साहेबाच्या कानावर घातलं होतं. साहेबानं मला बोलावलं आणि विचारलं, ही गंजी कोण? मी म्हटलं, गंजीच. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीही त्या कटात आहे. शेवटी रकान्यात मी लिहिलं, चाऱ्याच्या टंचाईकडे सरकारचं लक्ष वेधण्याचा प्रयत्न. साहेब खूश झाला. मला मात्र त्या कंपाउंडरची माफी मागावीशी वाटली. इतकी सुंदर गंजी, आणि मी तिचा चारा केला.

आता वांगं.

जळगावच्या एका साप्ताहिकात एक चित्रकार यायचा, सही नसलेला. लाकडावर कोरून छापलेली चित्रं, ठसठशीत काळी. आणि प्रत्येक चित्रात कुठंतरी एक वांगं. आमच्याकडचं भरताचं वांगं हिरवं असतं, लहान मुलाच्या डोक्याएवढं. छापल्यावर ते काळं दिसणारच. एका चित्रात लग्नाची पंगत बसलीये, मानाच्या पाटावर वांगं आहे, आणि यजमान हात जोडून त्याला जिलबीचा आग्रह करतोय, "संकोच करू नका." दुसऱ्यात सलूनच्या आरशात पाहणाऱ्या माणसाला आरशात वांगं दिसतंय आणि तो समाधानानं मिशा पिळतोय. तिसरं जरा अवघड होतं. पट्टेवाला गादीवर वांगं ठेवून कचेरीत घेऊन चाललाय, सगळे कारकून उठून उभे राहिलेत, आणि एक दुसऱ्याला म्हणतोय, "साहेब आज लवकर आले." ते पाहून मी आधी दार बंद केलं. मग हसलो. मग रकान्यात लिहिलं, शेतीविषयक. तेव्हापासून वांग्याचं जे जे चित्र आलं ते सगळं मी शेतीविषयक म्हणून फायलीत घातलं, आणि दुसऱ्या प्रतीतून ती चित्रं कापून कचेरीतल्या कपाटाच्या दाराला आतून डकवत गेलो. कपाट उघडताना मागं कोणी नाही ना, हे बघून उघडायचो.

चित्रकार कोण हे हुडकायला मला फार वेळ लागला नाही, तोच तर माझा धंदा. सुपडूनाना. मूळचे शिंदखेड्याकडचे, जळगावात बळीरामपेठेच्या मागं त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. बैलांच्या दमण्या आणि छकडे रंगवायचे, दुकानांच्या पाट्या करायचे, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून घ्यायला त्यांच्या दारात रांग लागायची. माझी नावाची पाटी करून घ्यायचं निमित्त काढून मी एकदा गेलो. नाना माझ्याहून पाचसात वर्षांनी मोठे, अंगानं किरकोळ, बोटं रंगानं कायम रंगलेली. मी इकडंतिकडं बोललो आणि मग राहवेना, म्हणून हळूच म्हटलं, नाना, तुमची चित्रं मला फार आवडतात. त्यांनी कुंचला थांबवला नाही. पाटीवरच्या माझ्या नावाची वेलांटी पुरी केली आणि विचारलं, "तुम्ही कचेरीमा शेतस ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी पाटी वाळायला ठेवली. पुढचे कितीतरी आठवडे साप्ताहिकात चित्र आलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. एखाद्याला मनापासून दाद द्यावी आणि त्यानं तिच्याकडे फास म्हणून बघावं, हे माझ्याच वाट्याला यायचं होतं. पण त्यांचंही काय चुकलं? त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. चित्रं परत सुरू झाली तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली आणि पुन्हा त्या दुकानाकडे फिरकलो नाही.

मग बेचाळीस आलं. त्या दिवसांत तारा तुटत होत्या, टपाल जळत होतं, आणि पोलीसखात्याला जो तो माणूस पिशवीत काहीतरी घेऊन चाललाय असं वाटत होतं. त्यात आमच्याकडे पोलिसांचा नवा साहेब आला, थेट मद्रासकडून. त्याला मराठीचा गंध नव्हता, आणि संशयात तो माझाही गुरू शोभला असता. त्रेचाळीसची संक्रांत तोंडावर असताना त्यानं मला बोलावलं. मेजावर नानांचं नवं चित्र होतं.

शेतात शेकोटी पेटलीये. भोवती चार माणसं उकिडवी बसलीत. शेकोटीत चारपाच वांगी. चौघांनीही कानांत बोटं घातलीत, डोळे गच्च मिटलेत, आणि एक जण तसाच कानांत बोटं ठेवून म्हणतोय, "एक टोचायचं राहिलं."

खानदेशात जन्मलेल्या माणसाला यात सांगण्यासारखं काही नाही. भरताचं वांगं निखाऱ्यावर ठेवण्याआधी सुरीनं चार ठिकाणी टोचतात. न टोचता ठेवलं तर आत वाफ कोंडून ते फुटतं. पण साहेबाला दिसत होती काळी गोल वस्तू, तिच्या डोक्यावर देठाची वात, आणि कानांत बोटं घालून बसलेली माणसं. त्यानं चित्राखालच्या ओळीचं भाषांतर माझ्याकडून दोनदा करून घेतलं आणि विचारलं, कोणाला टोचायचं राहिलंय? मी म्हटलं, वांग्याला. त्यानं माझ्या फायलीतली शेतीविषयक म्हणून घातलेली जुनी चित्रं मागवली आणि एकापुढं एक मांडली. सगळीकडे तीच काळी गोल वस्तू. कचेरीत गादीवरून येणारी सुद्धा.

नानांना आदल्याच दिवशी उचललं होतं, ते मला तेव्हा कळलं. वॉरंट तयार होतं, सहीच काय ती बाकी. ती झाली असती तर त्या काळात त्यांना किती वर्षं बाहेर येता आलं नसतं, देव जाणे. मी शपथेवर सांगायला तयार आहे म्हटलं, की हे वांगं आहे आणि ते न टोचता भाजलं की फुटतं. साहेब शांतपणे म्हणाला, मग मला फोडून दाखवा. फुटलं तर चित्रात लिहिलंय ते खरं, माणूस मोकळा. नाही फुटलं तर कानांत बोटं कशाला घातली होती त्याचं उत्तर तो कोर्टात देईल, आणि शेतीविषयक कशाला लिहिलंत त्याचं तुम्ही द्या.

मी लॉकअपमध्ये नानांना भेटलो. गजांपलीकडे पोलीस उभा होता. साहेबाचं म्हणणं सांगितलं आणि विचारलं, चांगली वांगी कुठं मिळतील? जराही विचार न करता ते म्हणाले, असोद्याला, अक्कांच्या मळ्यात, त्यांना आज निरोप धाडा. बस्स, एवढंच. माझ्याकडे त्यांनी डोळे वर करून पाहिलंही नाही. हा कचेरीवाला आपल्याला कुठल्या खड्ड्यात नेतोय, असंच त्यांना वाटत असणार. मी शिपायाबरोबर निरोप पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर आम्ही असोद्याच्या मळ्यात पोचलो. खुर्चीवर साहेब, मागं फौजदार, दोन शिपाई, त्यांच्यामध्ये नाना, आणि मी. अक्का म्हणजे साठीची, नऊवारीचा काचा मारलेली बाई, विधवा, सगळा मळा एकटीनं राखणारी. तिनं कपाशीच्या वाळल्या काड्यांचा ढीग लावून ठेवला होता. वांगी टोपलीत होती, हिरवीगार, तेल लावून तुकतुकीत केलेली. काड्या पेटल्या, निखारे झाले, वांगी पडली. साहेबानं घड्याळ काढलं. शिपायांनी माझ्याकडे बघून कानांत बोटं घातली.

आणि तिथं उभं असताना माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आजपर्यंत घेतलेल्या सगळ्या शंका एकीकडे आणि ही एकीकडे. न टोचलेलं वांगं फुटतं हे मला कोणी सांगितलं? आईनं. तिला तिच्या आईनं. जिल्ह्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, फुटतं म्हणूनच सांगेल. पण फुटताना पाहिलंय कोणी? मी तर नाही. कसं पाहणार, न टोचता कुणी ठेवलंच नाही कधी.

वांगी सुरकुतली, काळी पडली, रस गळायला लागला, भाजल्याचा खमंग वास सुटला. फुटलं एकही नाही. शिपायांनी कंटाळून बोटं काढली. साहेबानं एक वांगं छडीनं बाहेर ओढलं, उलटंपालटं केलं आणि मला बोलावून दाखवलं. सालीवर चार ठिकाणी सुरीचे वार. बाकीच्यांवरही. मी अक्कांना विचारलं, निरोपात सांगितलं होतं ना टोचू नका म्हणून? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की हा शिकला कशाला.

"अशी कशी टाकू बिनटोचलेली?" ती म्हणाली. "फुटीन ना मंग."

ती खरं बोलत होती हो. हात आपोआप गेला होता तिचा. आमच्या मुलखात हे काम बाईचं डोकं करतच नाही, हात करतात. मी ते साहेबाला समजावायला लागलो, की ही बाई घाबरते याचाच अर्थ वांगं फुटतं. साहेबानं फौजदाराकडे पाहिलं. फौजदारानं खिशातून कागद काढला. नाना निखाऱ्यांकडे बघत उभे होते, चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, संपलं. एका चांगल्या माणसाचं आयुष्य आपण आईच्या सांगण्यावर टांगून ठेवलं.

तेवढ्यात अक्का म्हणाली, घरात एक टोचायचं राहिलंय, आणते. खळ्यातल्या झोपडीतून ती ते वांगं दोन्ही हातांवर घेऊन आली आणि तिनं नानांच्या हातात दिलं. साहेबाची परवानगी घेऊन नानांनी ते स्वतः निखाऱ्यात सोडलं, अलगद, मधोमध. गार वारं सुटलं होतं. अक्का विहिरीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिनं कानांवरून पदर गच्च ओढून घेतला. साहेबाचा धीर सुटला होता. तो खुर्चीवरून उठला आणि छडीनं ते वांगं उलटायला पुढं वाकला.

असा आवाज झाला, की मळ्यातले सगळे कावळे एकदम उडाले. निखारे, राख आणि वांग्याचा गर चौफेर उडाला. शिपाई पालथे पडले. फौजदार विहिरीच्या काठाला चिकटला. धूर विरला तेव्हा साहेब उकिडवा बसलेला होता, टोपीवर भरीत, डोळे गच्च मिटलेले आणि दोन्ही कानांत बोटं. हुबेहूब ते चित्र. एका रेघेचाही फरक नाही. आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत जे कधी केलं नाही ते मी केलं. साहेबासमोर, फौजदारासमोर, पोट धरून हसलो. थांबवता येईना. नाना साहेबाकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, एकटक, आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतला संशय जरा सैल झाला.

"तुमले हासू उनं," ते हळूच म्हणाले.

साहेब शब्दाचा पक्का निघाला. जखमबिखम कुणाला झाली नव्हती. त्यानं रुमालानं तोंड पुसलं, बोटाला लागलेला गर चाखला, वॉरंट फाडलं आणि नाना सुटले. अट एकच, यापुढं चित्रात वांगं काढायचं नाही. पुढच्या आठवड्यात साप्ताहिक आलं. तीच लग्नाची पंगत, तोच यजमान हात जोडून जिलबीचा आग्रह करतोय, आणि समोर मानाचा पाट रिकामा. ओळही तीच. साहेबानं भिंगातून ते चित्र तपासलं आणि वांगं नाही ना, म्हणून मला विचारलं. नाही म्हटलं. अर्थाच्या रकान्यात मी लिहिलं, 'काही नाही'. तसा कागद माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच परत न येता मंजूर झाला. त्या दिवशी घरी जाताना मी एकटाच हसत होतो. काही अर्थ नसलेल्या गोष्टीवर सरकारची मोहर उठवून घेतली होती मी, आणि ती माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी कमाई वाटत होती.

यंदा स्वातंत्र्य आलं आणि गावात नानांचा सत्कार ठरला. मीही गेलो, मागच्या रांगेत बसलो, कारण माझ्यासारख्याला अशा ठिकाणी लोक अजून वळून बघतात. अध्यक्ष म्हणाले, ते वांगं नव्हतंच, तो बॉम्ब होता, प्रत्येक चित्र म्हणजे क्रांतिकारकांना दिलेली खूण होती. लग्नाची पंगत म्हणजे गुप्त बैठक, आरसा म्हणजे आत्मपरीक्षण. मी ऐकत होतो आणि मला तो मद्रासचा साहेब आठवत होता. तोही हेच म्हणत होता की. सरकार गेलं, पण अर्थाचा रकाना तेवढा मागं ठेवून गेलं. नाना हार घालून उठले आणि म्हणाले, "बठ्ठा चित्रमा वांगंच व्हतं." सगळ्या चित्रांत वांगंच होतं म्हणे, लोकांना तो विनय वाटला. टाळ्या थांबेनात.

सभा सुटल्यावर मी त्यांना गाठलं. त्यांनीच रंगवलेल्या एका दमणीतून त्यांना घरी सोडणार होते. मी म्हटलं, नाना, बरं बोललात. लोकांना काय, काहीही वाटेल, वांगं ते वांगंच, त्या दिवशी असोद्याला फुटलेलं आपण डोळ्यांनी पाहिलंय. एक तेवढं अक्कांच्या हातून टोचायचं राहिलं होतं म्हणून, नाहीतर काय झालं असतं. नाना दमणीत चढून बसले. हार काढून मांडीवर ठेवला. बैल हलले तेव्हा त्यांनी माझ्याकडे वाकून पाहिलं.

"ते बी टोचेल व्हतं, भाऊसाहेब," ते म्हणाले, आणि दमणी गेली.

मी रस्त्यात उभाच. तेही टोचलेलं होतं, तर मग फुटलं काय? अक्का ते दोन्ही हातांवर तोलून का आणत होती? विहिरीपलीकडे जाऊन तिनं कान आधीच का झाकले? नानांनी लॉकअपमध्ये तिचंच नाव का घेतलं, तेही न थांबता? म्हणजे त्या वांग्याच्या पोटात दारू ठासलेली होती, आणि बॉम्ब नाही हे पटवायला साहेबाच्या पायाशी बॉम्ब फोडला होता? आणि मी, ज्याला वाऱ्याचाही संशय यायचा, तो पोट धरून हसत होतो? का नानांनी जाता जाता माझीच चौकट काढली? हास्यचित्रकाराचा भरवसा काय.

मला फसवलं गेल्याचं दुःख नाही. माणूस सुटला, उत्तम झालं. पण ती चित्रं मला जिवापाड आवडली ती त्यांना काही अर्थ नव्हता म्हणून. सगळ्या गोष्टींना वास घेत जगलेल्या माणसाला तेवढी एकच जागा होती, जिथं तो संशय न घेता हसला. ती जागाही आता पोखरली गेली, याचं मला वाईट वाटतं, अगदी रडू यावं इतकं वाईट वाटतं.

म्हणून परवा बाजारातून हंगामाचं पहिलं वांगं आणलं. बायको देवळात गेलेली बघून चुलीत निखारे केले, वांगं न टोचता त्यावर ठेवलं, पाट ओढून समोर बसलो आणि कानांत बोटं घातली. फुटलं तर वांगं. नाही फुटलं तर बॉम्ब. संपादकांना काय लिहून द्यायचं तेही ठरलं असतं. साल चुरचुरायला लागली होती, देठाशी वाफ धरत होती. डोळे मिटून मी वाट बघत होतो.

तेवढ्यात ती आली. दारात उभी राहून तिनं माझ्याकडे पाहिलं, वांग्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. चिमट्यानं ते बाहेर काढलं आणि म्हणाली, "टोचायचं राहिलं की हो." सुरीनं चार ठिकाणी टोचून तिनं ते परत निखाऱ्यावर ठेवलं.